ससून पेढीच्या कर्त्या : फ्लोरा ससून यांची पार्श्वभूमी

१८९४ साली सॉलोमन डेव्हिड ससून यांचे निधन झाले आणि त्यांचे वडील डेव्हिड यांनी काढलेल्या डेव्हिड ससून अँड कंपनी या बगदादी ज्यू घराण्याच्या मुंबईच्या पेढीला जागेवर राहून कारभार पाहणारा भागीदार उरला नाही. त्यांचे बहुतेक भाऊ तोवर इंग्लंडला स्थायिक झाले होते. अशा वेळी सॉलोमन यांच्या पत्नी फ्लोरा, ज्यांचे घरचे नाव फरहा होते, यांनी पेढी स्वतःच्या हाती घेतली. त्यांचे वय पस्तिशीच्या आसपास होते आणि लहान मुले पदरी होती. मुंबईच्या व्यापारी जगात एवढ्या मोठ्या पेढीचा कारभार बाईमाणसाने पाहावा, हे त्या काळी जवळपास अकल्पित होते. मात्र ही घटना केवळ वैधव्यामुळे ओढवलेली निकड म्हणून सांगितली जाते, तेव्हा तिच्यामागची तीन पिढ्यांची तयारी नजरेआड होते, असे मला वाटते.

ससून घराण्यात हिशेबाची वही आणि समाजाचे पुढारपण ही दोन कामे कधीच वेगळी नव्हती. पेढीचे संस्थापक डेव्हिड ससून यांचे वडील बगदादच्या पाशाचे, म्हणजे सुभेदाराचे, खजिनदार होते आणि तेथील ज्यू समाजाचे प्रमुखही. दाऊद पाशाच्या जाचाला कंटाळून डेव्हिड बगदादहून इराणमधील बुशहर बंदराला आणि तेथून १८३२ च्या सुमारास मुंबईला आले. त्यांनी पेढी काढली तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीची चीनबरोबरच्या व्यापारातील मक्तेदारी संपण्याच्या बेतात होती. पुढे माळव्याची अफू, कापूस आणि सूत यांच्या व्यापारावर घराणे गबर झाले. पुण्याचे ससून रुग्णालय किंवा तेथलेच लाल देऊळ म्हणून ओळखले जाणारे सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनामंदिर) पाहताना या पैशाचा मोठा भाग चीनला पाठवलेल्या अफूतून आला होता, हे विसरून चालणार नाही.

पेढीची रचनाही लक्षात घेण्यासारखी होती. बगदादहून आलेल्या तरुणांना तेथे नोकरी, शिक्षण आणि राहण्याची सोय मिळे. पत्रव्यवहार अरबी भाषेत पण हिब्रू लिपीत चाले, त्यामुळे तो बाहेरच्या कोणाला सहजी वाचता येत नसे. शनिवारी शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, असल्यामुळे व्यवहार बंद राहत. डेव्हिड यांनी १८६१ मध्ये भायखळ्याला मागेन डेव्हिड सिनेगॉग बांधले आणि बगदादी ज्यूंची वस्ती त्याच्या आसपास वाढली. कोकणातून आलेले मराठीभाषक बेने इस्रायल ज्यू मुंबईत त्यांच्याआधी नांदत होते, परंतु बगदादी मंडळींनी त्यांना बरोबरीचे मानले नाही. हे अंतर पुढेही राहिले आणि या घराण्याच्या पुढारपणाची ती एक मर्यादा होती.

फ्लोरा यांचा जन्म १८५९ मध्ये मुंबईतच झाला. वडील एझिकेल गब्बाय हे बगदादी व्यापारी, तर आई अझीझा ही डेव्हिड यांचे थोरले पुत्र अब्दुल्ला, म्हणजेच सर अल्बर्ट ससून, यांची कन्या. १८७६ मध्ये त्यांचा विवाह सॉलोमन यांच्याशी झाला. सॉलोमन हे नात्याने अझीझाचे सावत्र काका लागत, त्यामुळे पणजोबांच्या घरातच सून म्हणून जाण्याचा योग फ्लोरा यांना आला. घरी रब्बींकडून, म्हणजे ज्यू धर्मगुरूंकडून, त्यांनी हिब्रू आणि अरामी शिकून घेतली होती. अरबी, हिंदुस्तानी आणि इंग्रजीही त्यांना येत. वही वाचू शकणारी, कारकुनांशी त्यांच्या भाषेत बोलू शकणारी आणि धर्मग्रंथांतील दाखले तोंडपाठ असलेली अशी दुसरी व्यक्ती घराण्याला मुंबईत मिळाली नसती.

त्यांनी सूत्रे घेतली तो काळ व्यापाराला अनुकूल नव्हता. १८९३ मध्ये सरकारने टांकसाळींत चांदीची खुली नाणेपाडणी, म्हणजे कोणीही आणलेल्या चांदीचे रुपये पाडून देणे, बंद केले आणि चांदीच्या तुलनेत रुपया महागला. चीनचा व्यवहार चांदीवर चालत असल्याने मुंबईहून तिकडे जाणाऱ्या सुताला त्याचा फटका बसला. त्याच वर्षी अफूच्या व्यापाराची चौकशी करण्यासाठी शाही आयोगही नेमला गेला होता.

त्यात १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेगचे रुग्ण आढळले. लाखो माणसे शहर सोडून गेली आणि गिरण्यांना कामगार मिळेनासे झाले. ओडेसाचे ज्यू शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन त्या ऑक्टोबरात मुंबईला आले आणि भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार करण्याच्या कामाला लागले. चंबूतील मांसरसावर ते तुपाचे थेंब तरंगत ठेवत, त्या थेंबांखाली प्लेगचे जंतू लोंबत्या धाग्यांसारखे वाढत, आणि मग ते उष्णतेने मारून लस तयार होई. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. लस घेतल्यावर ताप येई आणि दंड सुजे. सक्तीच्या तपासण्यांमुळे आधीच संतापलेल्या लोकांचा तिच्यावर विश्वास बसणे कठीण होते. फ्लोरा यांनी हाफकिन यांच्या कार्याला उघड पाठिंबा दिला आणि इतरांची भीती जावी म्हणून स्वतः लस टोचून घेतली. पुढारी आधी स्वतः पुढे झाला तरच लोक मागून येतात, हे त्यांना नेमके उमगले होते. माझ्या मते त्यांच्या सार्वजनिक जीवनातील हा सर्वांत मोलाचा प्रसंग होय.

घराण्याने मात्र त्यांना फार काळ कर्तेपद भोगू दिले नाही. १९०१ मध्ये पेढीचे मर्यादित कंपनीत रूपांतर झाले, सूत्रे लंडनच्या मंडळींकडे एकवटली आणि त्याच वर्षी फ्लोरा मुलांसह इंग्लंडला गेल्या. कारभार सोडावा लागला तरी समाजातील त्यांचा अधिकार कमी झाला नाही. प्रवासात प्रार्थनेसाठी लागणारे दहा पुरुष आणि धर्मविधीनुसार जनावर कापणारा शोहेत त्या बरोबर नेत. १९१० मध्ये त्या बगदादला गेल्या तेव्हा सिनेगॉगमध्ये तोरा हा ज्यूंचा धर्मग्रंथ वाचण्याचा, स्त्रीला सहसा न मिळणारा मान त्यांना मिळाला. १९२४ मध्ये रब्बी घडवणाऱ्या लंडनच्या ज्यूज कॉलेजच्या समारंभाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले आणि १९३० मध्ये मध्ययुगीन भाष्यकार राशी यांच्यावर निबंध प्रसिद्ध केला. त्यांचे पुत्र डेव्हिड यांनी जमवलेल्या हिब्रू हस्तलिखितांच्या संग्रहाची सूची १९३२ मध्ये प्रकाशित झाली, आणि त्यानंतर चार वर्षांनी फ्लोरा यांचे लंडनमध्ये निधन झाले.