ध्रुव हेलिकॉप्टरचे समुद्रावरील आपत्कालीन अवतरण (मुंबई, २०२३)

८ मार्च २०२३ रोजी भारतीय नौदलाचे ‘ध्रुव’ हेलिकॉप्टर नेहमीच्या उड्डाणावर असताना मुंबईच्या किनाऱ्यालगत समुद्रात उतरवावे लागले. आतले तिघेही वाचले. नौदलाच्या गस्तीनौकेने त्यांना पाण्यातून उचलले आणि नंतर हेलिकॉप्टरही बाहेर काढण्यात आले.

ध्रुव हे हिंदुस्थान एरोनॉटिक्सने घडवलेले दोन इंजिनांचे हेलिकॉप्टर आहे. नौदलाच्या निवेदनानुसार त्याची शक्ती अचानक घटली आणि उंची झपाट्याने कमी होऊ लागली. वैमानिकाने शेवटपर्यंत ताबा न सोडता ते पाण्यावर टेकवले, तिघांनी हेलिकॉप्टरला तरंगत ठेवणारे फुगणारे फ्लोट उघडले आणि ते बाहेर पडले.

वाचायला हे सोपे वाटते, पण तसे ते नसते. हेलिकॉप्टरची इंजिने, गिअरबॉक्स आणि पंखा हा सगळा भार माथ्यावर असतो. त्यामुळे पाण्याला टेकताच ते कलंडते आणि पुष्कळदा उलटे होते. पाणी भरत चाललेल्या उलट्या केबिनमध्ये वर कुठे आणि खाली कुठे, हेच कळेनासे होते. म्हणून नौदलाच्या हवाई कर्मचाऱ्यांना कोचीच्या केंद्रात, तलावात बुडवून उलटवलेल्या केबिनच्या सांगाड्यातून सुटण्याचा सराव देतात. एक हात दाराच्या चौकटीवर घट्ट ठेवायचा, हालचाल थांबेपर्यंत पट्टा सोडायचा नाही आणि मगच बाहेर पडायचे. तिघे वाचले यात दैवापेक्षा या सरावाचा वाटा मोठा मानला पाहिजे.

पाती थांबण्याआधी बाहेर पडणे किती घातक, हे याच किनाऱ्याने पाहिले आहे. १० मार्च २०१८ रोजी रायगड जिल्ह्यात मुरूडजवळच्या नांदगाव येथे तटरक्षक दलाचे चेतक हेलिकॉप्टर खडकाळ किनाऱ्यावर उतरवावे लागले. चौघेही त्या उतरण्यातून बचावले, पण बाहेर पडताना फिरत्या पात्याचा मार लागलेल्या सहवैमानिक महिला अधिकाऱ्याचा पुढे रुग्णालयात मृत्यू झाला.

ऋतूचाही विचार करावा लागतो. मार्चमध्ये कोकणचा दर्या बराच शांत असतो. पावसाळ्यात तो असा खवळतो की मासेमारीच बंद ठेवावी लागते, आणि तेव्हाच्या लाटांत फ्लोट असूनही हेलिकॉप्टर सरळ तरंगेल याची खात्री नसते. २८ जून २०२२ रोजी ‘मुंबई हाय’ या समुद्रातील तेलक्षेत्राजवळ तेलविहिरींवर जाणारे एक हेलिकॉप्टर फ्लोटच्या आधाराने समुद्रात उतरले होते. त्यातील नऊ जणांपैकी चौघे दगावले.

मुंबईच्या घटनेनंतर ध्रुव हेलिकॉप्टरांची उड्डाणे थांबवून तपासणी सुरू झाली. २६ मार्च २०२३ रोजी कोचीत तटरक्षक दलाचे ध्रुव चाचणी-उड्डाणाच्या वेळी कोसळले. त्यातलेही तिघे बचावले. पुढे ध्रुवच्या नियंत्रण यंत्रणेतील अॅल्युमिनियमच्या दांड्या काढून पोलादी दांड्या बसवण्यात आल्या.