‘नीट वाग की!’ म्हणजे मुलानं नेमकं काय करायचं?

सोलापुरात विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतल्या घरात दुपारी आजी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेली असते आणि तीन वर्षांचा नातू तंबाखूत हात घालतो. “हात लावू नको!” तो लावतो. “लावू नको म्हटलं की!” आजीच्या तोंडाकडे बघत तो पुन्हा लावतो आणि पाठीत धपाटा बसतो. पोरगं ऐकतच नाही, असं सगळ्यांचं मत होतं.

खरं तर त्यानं ऐकलेलं असतं. हाताला आवर घालणं त्याला अजून जमत नसतं. सुरू झालेली कृती थांबवण्याचं काम कपाळामागचा मेंदूचा भाग करतो. तीन ते सहा वर्षांच्या काळात ही क्षमता झपाट्यानं वाढते, पण तो भाग पूर्ण पक्व व्हायला पंचविशी उजाडते. रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांनी लहान मुलांच्या हातात रबरी गोळा देऊन सांगितलं, एका रंगाचा दिवा लागला की दाब, दुसऱ्या रंगाचा लागला की दाबू नको. तीनेक वर्षांच्या मुलांना नियम कळायचा, तोंडानं सांगताही यायचा. पण दिवा लागला की हात दाबूनच मोकळा व्हायचा.

म्हणून ‘काय करू नको’ याऐवजी ‘काय कर’ हे सांगितलेलं लहान मुलांना जास्त जमतं. “सतरंजीवर बस आणि ही पानं एकावर एक ठेव” हे त्याला लगेच करता येतं. (तंबाखूचं सूप मात्र त्याच्या हाताला लागणारच नाही अशा जागी हवं. तिथं सूचनेच्या भरवशावर राहू नये.) ‘नीट वाग’, ‘शहाण्यासारखं कर’, ‘त्रास देऊ नको’ या सूचनांत तर करण्यासारखं काहीच नसतं. नळाला पाणी येण्याच्या दिवशी घरात घागरी-बादल्यांची धांदल असते. तेव्हा “मध्ये मध्ये करू नको” याचा चार वर्षांच्या मुलीला काय बोध होणार? “मोटार बंद होईपर्यंत उंबऱ्याच्या आत थांब” हे तिला कळतं, आणि ते पाळलं की नाही हे आईलाही दिसतं.

शहराच्या पूर्व भागात घराशेजारीच यंत्रमाग चालतात. त्या खडखडाटात स्वयंपाकघरातून दिलेली हाक मुलापर्यंत अर्धवटच पोहोचते. जवळ जाऊन, त्याच्या उंचीला वाकून, नजर मिळाल्यावर एकच गोष्ट सांगावी आणि चार-पाच सेकंद थांबावं. लगेच दुसरी सूचना दिली की पहिली विरते.

घरात माणसं जास्त असली की खरी अडचण नियम एकसारखा ठेवण्याची असते. जेवताना मोबाईल नाही, असं आई म्हणते. मूल रडतं, आई ठाम राहते. तिसऱ्या दिवशी आजोबांना दया येते आणि ते मोबाईल देतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांतून विसाव्या शतकातच दिसलं होतं की प्रत्येक वेळी मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा अधूनमधून मिळणाऱ्या बक्षिसामुळे लागलेली सवय मोडायला जास्त अवघड असते. आजोबांच्या मायेत काही खोट नाही, पण त्यातून मूल एवढंच शिकतं की पुरेसा वेळ रडलं की मिळतं. नियम पुन्हा घट्ट केला की सुरुवातीला रडणं वाढतं. नेमक्या त्याच वेळी घरचे हार मानतात.

दिलेला शब्द पाळणंही यातच येतं. अमेरिकेत सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी 2013 साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. तीन ते पाच वर्षांच्या 28 मुलांना चित्रांसाठी आणखी छान सामान आणून देतो, असं सांगण्यात आलं. निम्म्यांना ते मिळालं, बाकीच्यांना नुसती ‘सॉरी, नाही मिळालं’ अशी सबब मिळाली. मग सगळ्यांपुढे एकेक गोड मार्शमेलो ठेवला. तो न खाता 15 मिनिटं थांबलात तर दोन. शब्द पाळलेला अनुभवलेली मुलं सरासरी 12 मिनिटं थांबली, फसलेली जेमतेम 3 मिनिटं. मुलाचा धीर मोठ्यांच्या विश्वासार्हतेवर किती अवलंबून असतो, ते इथं दिसतं.

जानेवारीत होम मैदानावर गड्ड्याची यात्रा भरते. तिथल्या गर्दीत, पाळण्यांपुढे उभं राहून नियम ठरत नाहीत. घरून निघतानाच सांगावं: “दोन पाळणे, एक खेळणं, आणि हात सोडायचा नाही.” मुलाकडून ते वदवून घ्यावं. मग तिसऱ्या पाळण्यासाठी कितीही भोकाड पसरलं तरी दोनच. पण ते दोन मात्र उशीर झाला, पाय दुखले तरी द्यायचेच.

हे सगळं धाकदपटशानं करायचं नाही. मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी 1960च्या दशकात कॅलिफोर्नियात घरांघरांतल्या वागण्याचा अभ्यास केला. नुसता धाक असलेल्या किंवा सगळंच चालवून घेणाऱ्या घरांपेक्षा, नियम ठाम आणि जिव्हाळाही भरपूर अशा घरांतली मुलं जास्त आत्मविश्वासू आणि स्वतःला सावरणारी दिसली. मुलानं सांगितलेलं केलं की “चप्पल जागेवर ठेवलीस, छान” एवढं लगेच म्हणावं. काय आवडलं ते त्याला नेमकं कळतं.

एवढं करूनही मूल हाकेला ओ देत नसेल, टीव्हीचा आवाज वाढवत असेल, बोलायला उशीर झाला असेल, तर आधी कान तपासून घ्यावेत. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साचून काही आठवडे कमी ऐकू येणं लहान वयात बरंच आढळतं, आणि अशा मुलाला घरी ‘ऐकत नाही’ म्हणून मार बसत राहतो.