बिडाची इमारत: गार्डनर्स वेअरहाउस

ग्लासगोच्या जमैका स्ट्रीटवर १८५५-५६ मध्ये गार्डनर या फर्निचर व्यापाऱ्यांसाठी एक चार मजली इमारत उभी राहिली. वास्तुरचना जॉन बेअर्ड यांची, लोखंडकाम रॉबर्ट मॅकॉनेल यांचं. भोवतालचं शहर वालुकाश्माचं असताना हिचा दर्शनी भाग मात्र निव्वळ बीड (साच्यात ओतलेलं लोखंड, म्हणजे कास्ट आयर्न) आणि काच.

कारण उजेडाचं. दगडी भिंतीत खिडकी रुंद केली की वरचा भार पेलायला शेजारी जाड दगडी खांब सोडावे लागतात. बिडाचे खांब तोच भार सडपातळ राहून पेलतात, उरलेली जागा काचेला मिळते.

बिडात साधारण २ ते ४ टक्के कार्बन असतो आणि त्यातला बराचसा ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात. दाबाखाली हे पापुद्रे निरुपद्रवी. ताण आला की तिथूनच तडा सुरू होतो. म्हणून खांबाला बीड उत्तम, पण तुळईची खालची बाजू ताणली जाते. मॅकॉनेल यांनी तुळयांमध्ये बिडाला ताण सोसणाऱ्या घडीव लोखंडाची जोड दिली, हीच खरी हुशारी.

पोकळ खांब ओतताना आतली पोकळी राखणाऱ्या गाभ्यावर नजर ठेवावी लागते. आडव्या साच्यात वाळूचा गाभा लोखंडाच्या रसात वर उचलला जातो, आणि खांबाची एक बाजू पातळ, दुसरी जाड निघते. बाहेरून हे अजिबात कळत नाही. जुन्या पोकळ खांबावर नवा भार टाकण्याआधी भोवताली निदान तीन ठिकाणी बारीक भोकं पाडून किंवा अल्ट्रासोनिक यंत्राने जाडी मोजावी आणि हिशेब सर्वांत पातळ बाजू लक्षात घेऊन करावा.

अशा इमारतीचा खरा शत्रू सांध्यात मुरणारं पाणी. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. बोल्टाशी तो फुगला की बीड वाकत नाही, फुटतं. तडा दिसला की वेल्डिंग करायचा मोह होतो, पण बीड नीट तापवून सावकाश निववलं नाही तर जोडाशेजारचा पट्टा ठिसूळ होऊन तिथेच नवा तडा जातो. जागेवर उभ्या खांबाला तसं तापवणं अवघड. त्यापेक्षा तड्याच्या आडवी भोकांची रांग पाडून त्यात निकेलमिश्र धातूच्या पट्ट्या ठोकून बसवणं, म्हणजे थंडच टाके घालणं, बरं. रंगाचे जुने थर मात्र कोरडे घासू नयेत, त्यांत शिसं असू शकतं.