मनोरुग्णास पोलिसांनी संरक्षणात घेणे

मनोरुग्णास पोलिसांनी संरक्षणात घेणे : स्वतःची काळजी घेण्यास असमर्थ असून भटकताना आढळलेली, अथवा जिच्यापासून स्वतःस वा इतरांस अपाय होण्याचा संभव आहे अशी मानसिक आजारी व्यक्ती पोलीस ठाण्याच्या हद्दीत असल्यास तिला ठाणे-अधिकाऱ्याने (ठाण्याच्या प्रमुखाने) ताब्यात घेऊन रुग्णालयात पोहोचवण्याची कायदेशीर पद्धत. या पद्धतीविषयीची लोकांतील भीती येथे मुख्यतः ग्वाल्हेरच्या मराठी वस्तीच्या संदर्भात विचारात घेतली आहे.

या अधिकाराच्या उगमाविषयी दोन मते संभवतात. एक मत तो जुन्या कोतवालीत, म्हणजे शहराच्या पोलीस-कारभारात, शोधते. कोतवालाने घरांची नोंद ठेवावी व परक्यांच्या येण्याजाण्यावर नजर ठेवावी, असे आइन-इ-अकबरीत सांगितले आहे. आणि दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून १८१० च्या सुमारास आकारास आलेल्या ग्वाल्हेरच्या ‘लष्कर’ या भागात कोतवालाचा दरारा मोठाच असणार. तथापि तरतुदीची शब्दरचना पाहता ती इंग्लंडमधील भटक्यांविषयीच्या कायद्यांतून उतरली, हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. तेथील १७४४ च्या कायद्याने धोकादायक वेड्यास पकडून बंदिस्त ठेवण्याची सोय केली होती. ब्रिटिश हिंदुस्थानातील १८५८ च्या कायद्याने भटक्या वेड्यास पकडून मॅजिस्ट्रेटपुढे पाठवणे हे दरोग्याचे, म्हणजे पोलीस अधिकाऱ्याचे, कर्तव्य ठरवले, तर १९१२ च्या कायद्याच्या कलम १३ ने ठाणे-अधिकाऱ्यास अशा व्यक्तीच्या अटकेचा अधिकार दिला. ‘मोकाट भटकताना आढळलेला’ या अर्थाचा मूळ इंग्रजी शब्दप्रयोग १८५८ पासून २०१७ च्या कायद्यापर्यंत टिकून आहे. मराठीत ‘मोकाट’ हे विशेषण एरवी गुरांना लावतात.

क्रियापद मात्र बदलले. १ एप्रिल १९९३ पासून अमलात आलेल्या १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने ‘अटक’ काढून ‘संरक्षणात घेणे’ असे म्हटले, परंतु २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे नेण्याची वाट कायम ठेवली. गुन्हा न केलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणे बेकायदा व घटनाबाह्य आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवर दिला. २९ मे २०१८ पासून लागू असलेल्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १०० प्रमाणे अशा व्यक्तीस कारण सांगावे लागते, २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यावे लागते आणि कोठडीत वा तुरुंगात ठेवता येत नाही. ती निराधार असल्यास हरवल्याची खबर नोंदवून कुटुंबाचा शोध घ्यावा लागतो.

ग्वाल्हेर संस्थानात ब्रिटिश कायदे आपोआप लागू होत नसत. ग्वाल्हेरची मानसिक आरोग्यशाला १९३५ ची. रांची व आग्रा येथील संस्थांबरोबर तिच्या कारभारावर देखरेख ठेवण्याचे काम सर्वोच्च न्यायालयाने ११ नोव्हेंबर १९९७ रोजी राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे सोपवले. ती जेल रोडवर आहे, आणि पत्त्यातला ‘जेल’ हा शब्द घरच्यांना ऐकू येतोच.

ही भीती अज्ञानातून येते, असे सरसकट म्हटले जाते. ते अपुरे आहे. ‘जेवला नाहीस तर शिपायाला देईन’ हे ऐकत वाढलेल्यास वर्दीचा एकच अर्थ ठाऊक असतो. मध्य प्रदेशात शिपायाचे अधिकृत पदनाम ‘आरक्षक’, म्हणजे रक्षण करणारा, असले तरी त्याने फरक पडत नाही. शिवाय साधन तेच राहिले आहे : वाड्याच्या दिंडीशी फिरता दिवा लावून उभी असलेली गाडी, तीत दोन आरक्षकांच्या मध्ये बसवलेला, सदऱ्याची बटणे चुकीच्या काजांत अडकलेला मुलगा, आणि गॅलरीत जमलेले शेजारी. चोर नेतानाही हेच दिसते. दुसऱ्या दिवशी ‘तो मामाकडे उज्जैनला गेलाय’ असे सांगितले जाते, आणि पुढच्या खेपेस कोणालाच बोलावले जात नाही. आत्महत्येच्या प्रयत्नानंतर ‘केस होईल’ ही धास्तीही अशीच मागे उरलेली आहे. २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ ने अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, आत्महत्येच्या प्रयत्नास शिक्षा सांगणाऱ्या जुन्या दंड संहितेतील कलम ३०९ सारखे सर्वसाधारण कलम राहिलेले नाही.

कलम १०० प्रत्येक मनोरुग्णास लागू नाही, ते भटकणाऱ्या असमर्थ व्यक्तीपुरते अथवा स्वतःस वा इतरांस धोका असलेल्या व्यक्तीपुरते आहे, हे बहुधा ध्यानात घेतले जात नाही. घरात असलेल्या रुग्णास कलम ८९ खाली नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (रुग्णाच्या वतीने काम पाहणाऱ्या व्यक्तीच्या) अर्जावरून, एका मनोविकारतज्ज्ञाने व दुसऱ्या एका डॉक्टराने वा मानसिक आरोग्य-व्यावसायिकाने स्वतंत्रपणे तपासल्यानंतर, ३० दिवसांपर्यंत दाखल करता येते; त्यात पोलिसांचा संबंध येत नाही. जिवास धोका असल्यास कलम ९४ प्रमाणे कोणताही नोंदणीकृत वैद्य, प्रतिनिधी उपलब्ध असल्यास त्याच्या संमतीने, ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार देऊ शकतो, आणि रुग्णास जवळच्या मानसिक आरोग्य संस्थेत नेणेही त्यात येते. विजेच्या झटक्याचा उपचार या कलमाखाली देता येत नाही.