बिब्बा उतलाय की फोड पिकलाय?

बिब्ब्याबद्दल फार सांगायला नको. आंबा-काजूच्या कुळातलं झाड, लाडवातली गोडंबी त्याचीच, धोबी कपड्यांवर खुणा घालत त्याही त्याच्याच काळ्या तेलाने. फोड आणणारा दुसरा मात्र डोळ्यांना दिसत नाही. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू, सोनेरी वसाहतींवरून नाव पडलेला. दहातल्या साधारण तिघांच्या नाकात तो असतो आणि एरवी काहीच त्रास देत नाही.

कातडीवर फोड दोघांमुळेही येतात (बिब्ब्याच्या तेलाने आले की बिब्बा उतला म्हणतात), आणि मग घरोघरी तेच ऐकू येतं: "फोडातलं पाणी लागू देऊ नको, पसरेल." हे वाक्य नेमकं चुकीच्या फोडाला लावलं जातं.

बिब्ब्याच्या फोडातलं पाणी आपल्याच अंगातलं असतं, त्यात बिब्ब्याचं तेल नसतं. ते लागून कुणालाही बिब्बा उतत नाही. पसरतं ते नखांत, कपड्यांवर, कोयत्याच्या मुठीवर राहिलेलं तेल. शिवाय ही ॲलर्जी असल्याने फोड बहुधा एक-दोन दिवसांनी उठतात, तेही पातळ कातडीवर आधी आणि जाड कातडीवर मागाहून. आज मनगट, परवा तळवा. तेल एकाच वेळी लागलेलं असतं, पण बघणाऱ्याला वाटतं पाणी ओघळलं.

जिवाणूचं अगदी उलट. पुवात आणि मधासारख्या पिवळ्या खपलीत तो जिवंत असतो, हाताने, टॉवेलने एकाकडून दुसऱ्याकडे जातो. बिब्बा उतलेलं पोर बिचारं वेगळं झोपवायचं आणि तोंडाभोवती पिवळ्या खपल्या धरलेल्या पोराला सगळ्यांच्या पंच्याने पुसायचं, हे मला बघवत नाही.

बाकी खुणा सोप्या आहेत. बिब्बा अनावर खाजतो, तेल ओघळलं असेल तर फोडांची रेघ उठते. पिकलेला फोड ठणकतो, गरम लागतो.

तेल लागल्याबरोबर साबणाने धुवा, नखं घासा, कपडे बदला. उतलेल्या बिब्ब्यावर अँटिबायोटिक मलम चोळणं मला मुळीच पटत नाही, तिथे मारायला जिवाणूच नाही. पण खाजवून कातडी सोलली की त्याला आत शिरायला वाट मिळते. निवळ पाणी गढूळ झालं, ठणका लागला किंवा ताप आला, तर बिब्ब्याच्या जखमेत आता जिवाणूही आहे असं समजून डॉक्टरकडे जा, आणि टॉवेल तेव्हा वेगळा करा.