एटीएममधून पैसे आले नाहीत, पण खात्यातून गेले: तक्रार कुठे, कशी आणि किती दिवसांत करायची

मशीनमध्ये नोटा मोजल्याचा खडखडाट ऐकू येतो, पण पैसे येतात ती फट उघडतच नाही. पडद्यावर ‘व्यवहार पूर्ण होऊ शकला नाही’ असं येतं आणि तेवढ्यात खिशातला मोबाइल वाजतो: खात्यातून १०,००० रुपये वजा. माझ्या सासऱ्यांवर ही वेळ आली पेन्शन जमा झाली त्या दिवशी. घाबरून त्यांनी लगेच पुन्हा कार्ड घातलं, पुन्हा तेवढीच रक्कम टाकली, पुन्हा तेच झालं. घरी आले तेव्हा खात्यातून २०,००० गेलेले, हातात एकही नोट नाही आणि दोन्ही स्लिपा तिथल्याच कचऱ्याच्या डब्यात टाकलेल्या. एक रक्कम दुसऱ्या दिवशी आपोआप परत आली. दुसरी यायला व्यवहारानंतर अकरा दिवस लागले. त्या उशिराबद्दल ६०० रुपये भरपाई मिळायला हवी होती, हे आम्हाला कळलं ते शाखेतल्या एका सज्जन कर्मचाऱ्याने सांगितलं म्हणून.

असं काही घडलं की आधी एक गोष्ट ठरवा. व्यवहार तुम्ही स्वतः करायला गेलात आणि तो फसला, की तुम्ही न केलेला व्यवहार खात्यात दिसतोय? दोन्हींचे नियम वेगळे आहेत. पहिल्या प्रकारात ठरलेल्या दिवसांत पैसे परत करायची जबाबदारी बँकेची असते. दुसऱ्यात दिवस तुमचे मोजले जातात. शाखेत गेल्यावर ‘फ्रॉड झाला’ असं सरसकट सांगितलं तर अर्ज चुकीच्या टेबलावर जातो आणि आठवडा तिथेच निघून जातो.

पैसे अडकतात कसे

तुम्ही दुसऱ्या बँकेच्या मशीनमध्ये कार्ड घातलं की मशीनचा निरोप नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाच्या (एनपीसीआय) नॅशनल फायनान्शियल स्विच या बँकांना जोडणाऱ्या जाळ्यामार्फत तुमच्या बँकेकडे जातो. तुमची बँक शिल्लक तपासते, रक्कम वजा करते आणि ‘द्या’ असं कळवते. मशीन नोटा मोजायला घेतं ते त्यानंतर. म्हणजे खात्यातून पैसे आधी जातात आणि नोटा नंतर बाहेर येतात. मधल्या त्या काही सेकंदांत नोट अडकली किंवा नेटवर्क तुटलं, तर ‘पैसे दिले नाहीत, नोंद उलटवा’ असा निरोप मागे जायला हवा. तो पोहोचला तर काही मिनिटांत रक्कम परत येते. नाही पोहोचला तर मशीनमधली रोकड आणि नोंदी यांचा मेळ घातला जाईपर्यंत थांबावं लागतं. न दिलेल्या नोटा मशीनमध्येच असतात, त्यामुळे मोजणीत तेवढी रोकड जास्त निघते. तुमचा दावा खरा असल्याचा सर्वात भक्कम पुरावा हा आहे आणि तो बँकांकडेच असतो.

स्लिपवर कधीकधी दोन आकडी कोड छापलेला असतो, तो नीट बघा. ५१ म्हणजे शिल्लक अपुरी, ५५ म्हणजे पिन चुकला, ७५ म्हणजे चुकीचा पिन जास्त वेळा टाकला गेला, ५४ म्हणजे कार्डाची मुदत संपली, ६१ म्हणजे रोजची मर्यादा ओलांडली, ९१ म्हणजे तुमच्या बँकेची यंत्रणा त्या वेळी उपलब्ध नव्हती. यातलं काही असेल आणि खात्यातून रक्कम गेली नसेल तर तक्रारीचं कारणच नाही. मशीन बिघडलं, नेटवर्क नव्हतं किंवा मशीनमध्ये रोकडच नव्हती म्हणून फसलेला व्यवहार महिन्याच्या मोफत व्यवहारांत मोजायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. तरी शुल्क लागलंच, तर ते परत मागा.

भरपाई कुणाला आणि किती

रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक १५ ऑक्टोबर २०१९ पासून लागू झालं. त्यानुसार एटीएममधून रोख न मिळता खात्यातून रक्कम वजा झाली, तर व्यवहाराच्या तारखेपासून पाच दिवसांच्या आत ती परत जमा व्हायला हवी. हे कॅलेंडरचे दिवस आहेत, रविवार आणि सुट्ट्या धरून. समजा व्यवहार ३ तारखेचा आहे, तर ८ तारखेपर्यंत पैसे यायला हवेत. ९ तारखेपासून प्रत्येक दिवसाला १०० रुपये खातेदाराच्या खात्यात जमा व्हायला हवेत, तेही तक्रारीची वाट न पाहता. गावात छोट्या हातमशीनवर अंगठा किंवा कार्ड लावून पैसे काढतात, ते मायक्रो-एटीएमही यात येतं. दुकानातल्या स्वाइप मशीनवर पैसे वजा झाले आणि दुकानदाराला पुष्टी मिळाली नाही, तर मुदत हीच.

तक्रारीची गरज नाही असं नियम म्हणत असला तरी तक्रार कराच. परतावा यंत्रणेतून आपोआप येतो, पण उशिराचे शंभर-शंभर रुपये बरेचदा मागितल्यावरच मिळतात.

अर्ज कुठे करायचा

ज्या बँकेत तुमचं खातं आहे, जिने कार्ड दिलं, तिच्याकडे. लोक सर्वाधिक चुकतात ते इथे. ज्या बँकेचं मशीन, तिच्या शाखेत जाऊन भांडतात आणि ‘तुमच्या बँकेत जा’ हे ऐकून हिरमुसून परत येतात. मशीनवाल्या बँकेकडून उत्तर मिळवणं हे तुमच्या बँकेचं काम आहे.

तक्रार खातेदारानेच करायची. संयुक्त खातं असेल तर ज्याच्या नावाचं कार्ड वापरलं त्याने. बँकेच्या अॅपमध्ये ‘तक्रार’ किंवा ‘डिस्प्यूट’ असा पर्याय असतो, कस्टमर केअरवरही नोंद होते, शाखेत लेखी अर्जही चालतो. मार्ग कोणताही घ्या, तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय थांबू नका. ‘साहेब, बघतो आम्ही, येतील दोन दिवसांत’ या आश्वासनाला कागदावर काही किंमत नाही. दोन वेळा प्रयत्न केला असेल तर दोन वेगळ्या तक्रारी नोंदवा. सासऱ्यांच्या बाबतीत आम्ही एकच नोंदवली होती. पहिली रक्कम परत येताच ती तक्रार ‘निकाली’ म्हणून बंद झाली आणि दुसरीसाठी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

सोबत हवं ते इतकंच: पासबुकाच्या त्या पानाची प्रत किंवा स्टेटमेंट, बँकेच्या एसएमएसचा स्क्रीनशॉट, स्लिप आणि ओळखपत्राची प्रत. स्लिपचा फोटो त्याच दिवशी काढा, कारण त्या गुळगुळीत कागदावरची अक्षरं पुसट होत जातात आणि शेवटी कोरा कागद हातात राहतो. स्लिप मिळालीच नसेल तरी घाबरू नका. मशीनवर किंवा भिंतीवर लावलेल्या पट्टीवर एटीएम क्रमांक असतो, त्याचा फोटो काढा. तारीख, वेळ, रक्कम आणि हा क्रमांक एवढ्यावर व्यवहार सापडतो. कार्ड क्रमांकाचे शेवटचे चार आकडे पुरतात. पिन, ओटीपी आणि कार्डामागचे तीन आकडे कुठल्याही अर्जात लिहायचे नसतात.

मजकूर असा ठेवता येईल:

‘महोदय, आपल्या शाखेतील माझ्या बचत खात्याच्या कार्डाने मी दिनांक … रोजी … वाजता … येथील … बँकेच्या एटीएममधून, एटीएम क्रमांक …, … रुपये काढण्याचा प्रयत्न केला. रोख मिळाली नाही, परंतु खात्यातून रक्कम वजा झाली. व्यवहाराचा संदर्भ क्रमांक … . कृपया रक्कम खात्यात जमा करावी आणि रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार पाच दिवसांनंतरच्या प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई द्यावी. दावा अमान्य करायचा झाल्यास मशीनच्या जर्नलमधील या व्यवहाराची नोंद आणि त्या दिवसाच्या रोकड मोजणीचा तपशील मिळावा. त्या वेळेचे सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावे, ही विनंती.’

शेवटची तीन वाक्यं मुद्दाम घातली आहेत. ‘आमच्या नोंदीप्रमाणे व्यवहार यशस्वी’ असं एका ओळीचं उत्तर आलं, तर पुढची मागणी कशाची करायची हे आधीच लिहून ठेवलेलं असतं. चित्रण कायम राहत नाही, म्हणून ती विनंती पहिल्याच अर्जात हवी. मागितलेल्यापेक्षा कमी नोटा आल्या तरी हाच अर्ज, फक्त मागितलेली आणि मिळालेली रक्कम वेगवेगळी लिहा. नोटा मशीनसमोर, कॅमेऱ्याखालीच मोजा.

कार्ड मशीनमध्ये अडकलं तर

तिथून हलण्याआधी बँकेच्या अॅपमधून कार्ड ब्लॉक करा. कार्ड परत मिळेल म्हणून वाट बघत बसू नका, नवीन मागवा. मशीनच्या फटीत काहीतरी अडकवून कार्ड रोखून धरणारे चोर असतात. शेजारी ‘मदतीसाठी संपर्क’ म्हणून मोबाइल क्रमांकाची चिठ्ठी ते स्वतःच चिकटवून ठेवतात. त्यावर फोन केला की पलीकडचा गोड आवाज पिन विचारतो. बँकेचा क्रमांक घ्यायचा तो कार्डाच्या मागून, पासबुकावरून किंवा अॅपमधून. कार्ड अडकलेलं असताना मागची बाजू दिसत नाही, म्हणून तो क्रमांक आजच फोनमध्ये साठवा. इंटरनेटवर शोधून मिळालेल्या क्रमांकावर विसंबू नका.

तुम्ही न केलेला व्यवहार दिसला तर

इथे एक मिनिटही दवडू नका. कार्ड ब्लॉक करा, लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेत तक्रार नोंदवा. १९३० वर तक्रार लवकर गेली तर पैसे ज्या खात्यात गेले तिथे ते रोखता येण्याची शक्यता असते. चोर ते काढून घेण्याआधी हे व्हायला हवं. हीच तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर ऑनलाइनही करता येते.

नुकसान कुणी सोसायचं हे रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ठरवलं आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांसाठीही तसेच नियम आले. चूक बँकेची असेल तर तुमची जबाबदारी शून्य, तुम्ही कळवलं असो वा नसो. चूक ना तुमची ना बँकेची, म्हणजे कार्डाची माहिती तिसऱ्याच कुठून चोरली गेली, तर व्यवहाराचा एसएमएस आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास तुमचं नुकसान शून्य. एसएमएस आला तो दिवस यात धरायचा नाही. चौथ्या ते सातव्या कामकाजाच्या दिवसात कळवलं तर साध्या बचत खातेदारावर प्रत्येक व्यवहारामागे जास्तीत जास्त १०,००० रुपये आणि किमान शिल्लक न लागणाऱ्या मूलभूत बचत खात्यावर ५,००० रुपये. व्यवहारच त्याहून लहान असेल तर तेवढीच रक्कम. सात दिवस उलटले की बँकेचं स्वतःचं धोरण लागू होतं, आणि तिथे तुमची बाजू बरीच कमकुवत होते.

कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची असते आणि ९० दिवसांत तक्रारीचा निकाल लावायचा असतो. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायचा भार बँकेवर आहे. शाखेत कुणी ‘तुम्हीच पिन दिला असणार’ असं म्हणालं, तर शांतपणे सांगा की ते लेखी आणि पुराव्यासह द्या.

पण तुम्ही खरंच पिन किंवा ओटीपी कुणाला सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान तुमचं. कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून लाजेपोटी लपवू नका, चूक झाली असली तरी आधी कळवा. घरातल्या माणसाला पिन देणंही नियमात बसत नाही. बेंगळुरूमध्ये एका बाईंनी बाळंतपणाच्या रजेवर असताना नवऱ्याला कार्ड आणि पिन दिला. मशीनमधून २५,००० रुपये आले नाहीत आणि खात्यातून मात्र गेले. २०१८ मध्ये तिथल्या ग्राहक मंचाने त्यांची तक्रार फेटाळली, कारण कार्ड दुसऱ्याने वापरलं होतं. आपल्याकडे आजोबांचं कार्ड नातू वापरतो, आईचं मुलगी वापरते, त्यात कुणाला काही गैर वाटत नाही. पैसे अडकले की नेमकं हेच कारण पुढे केलं जातं. ज्यांना एटीएमपर्यंत जाणं झेपत नाही, त्यांच्यासाठी शाखेतून धनादेशाने रक्कम काढून आणणं जास्त सुरक्षित आहे.

आणखी एक प्रकार ज्येष्ठांच्या बाबतीत वारंवार घडतो. ‘काका, मी काढून देऊ का?’ म्हणत कुणी पुढे येतो, पिन टाकताना बघतो आणि त्याच बँकेचं, त्याच रंगाचं दुसरंच कार्ड हातात ठेवतो. हातात आलेल्या कार्डावरचं नाव वाचूनच मशीनपासून बाजूला व्हा. व्हॉट्सअॅपवर ‘कार्ड घालण्याआधी कॅन्सल दोनदा दाबा, मग पिन चोरीला जात नाही’ असा निरोप वर्षानुवर्षं फिरतोय, तो खोटा आहे. पिन वाचतो तो आकड्यांवर दुसरा हात आडवा धरल्याने.

बँकेने दाद दिली नाही तर

तक्रारीला ३० दिवस होऊनही उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. १२ नोव्हेंबर २०२१ पासून देशभरासाठी एकच एकात्मिक व्यवस्था आहे, फी लागत नाही आणि वकिलाची गरज पडत नाही. अर्ज रिझर्व्ह बँकेच्या तक्रार पोर्टलवर भरायचा. चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. बँकेकडे आधी केलेल्या तक्रारीची प्रत किंवा क्रमांक, तिची तारीख, बँकेचं उत्तर आलं असेल तर ते, आणि स्टेटमेंट जोडा. बँकेकडे आधी तक्रार न करता थेट लोकपालाकडे गेलात तर अर्ज तिथेच बाद होतो, आणि हाच वाद न्यायालयात किंवा ग्राहक आयोगात सुरू असला तरी होतो.