मोटर ‘घूं’ करते म्हणजे जळली?

नागपुरात ऊन तापलं की घरचा स्विमिंग पूल आठवतो. बटण दाबावं, तर पंपाची मोटर नुसती ‘घूं’ करते, फिरत नाही. निदान ठरलेलं: “वाइंडिंग गेलं भाऊ, भरून घ्या.”

वाइंडिंग म्हणजे मोटरमधली तारेची गुंडाळी. पण हे निदान घाईचं. सिंगल फेज मोटरला फिरण्याचा पहिला जोर कपॅसिटरमुळे, म्हणजे वीज साठवणाऱ्या छोट्या भागामुळे मिळतो. 45 अंशांत बंद पेटीत शिजून आधी तोच मान टाकू शकतो. दुसरा संशयित इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक; लिंबोळ्या, काड्या, केस अडकले की तो जाम. मेन स्विच बंद करून मागच्या पंख्याकडून शाफ्ट हातानं फिरवून पाहा. सहज फिरला तर कपॅसिटर तपासून घ्या, पण इलेक्ट्रिशियनकडूनच. वीज बंद असली तरी कपॅसिटर झटका देऊ शकतो. नव्या कपॅसिटरचा मायक्रोफॅरडचा (क्षमतेचा) आकडा जुन्याइतकाच हवा. (मोटर थंड करायला ओलं पोतं टाकणं हा तर वेगळाच आत्मघात.)

गंमत म्हणजे, ‘घूं’ ऐकूनही स्विच चालूच ठेवला, तर अडकलेली मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते आणि मग वाइंडिंग खरंच जळतं. जळका वास आला, एमसीबी (जादा करंटला आपोआप बंद होणारा स्विच) पुन्हा पुन्हा पडू लागला, तर वाइंडिंगवर संशय घ्या.